केवळामायचा हात

केवळामायची आणि माझी ओळख भांडणातून झाली, आणि भांडण मीच काढलं होतं.

तेव्हा मी परभणीत एका धर्मादाय दवाखान्यात नर्स होते. गावाबाहेर, सरकीच्या गोदामांच्या पलीकडे, एका जिनिंगवाल्या शेठनं आईच्या आठवणीसाठी बांधलेला तो दवाखाना. निजामाचं राज्य जाऊन पाचेक वर्षं झाली होती, पण आमचे केसपेपर अजून उर्दूतच होते. आधी छापून ठेवलेला गठ्ठा संपत नव्हता आणि शेठजी कागद वाया घालवणाऱ्यातले नव्हते. मी मूळची झरीची. हैदराबादला राहून नर्सिंगचं सर्टिफिकेट घेऊन आलेली, त्यामुळे स्वच्छतेच्या बाबतीत माझ्यापेक्षा शहाणं माणूस जिल्ह्यात नाही असं माझं प्रामाणिक मत होतं.

त्या दिवशी व्हरांड्यात येऊन बघते, तर एका रोग्याची बायको भिंतीला टेकून बसलेली, तिचा हात एका उंच, वाळक्या बाईच्या मांडीवर, आणि ती बाई सुयांच्या जुडीनं तिच्या मनगटावर गोंदत होती. रक्ताचे बारीक ठिपके, त्यावर काजळी, आणि हातभर अंतरावर माझं उकळून झाकून ठेवलेलं ड्रेसिंगचं ताट. माझा आवाज फाटकापर्यंत गेला असणार. बाईनं मान वर केली नाही. "थांब बाई, एक टिपका ऱ्हायलाय," एवढंच म्हणाली. तो ठिपका पुरा केला, वर हळद दाबली आणि मग सावकाश उठली. मला उद्धट माणसांचा राग येतो. पण ती उद्धट नव्हती, तिचं काम चाललं होतं, हे समजायला मला बरेच दिवस लागले.

आरडाओरडा ऐकून आमचे सर्जनसाहेब बाहेर आले. हे हैदराबादचे. महायुद्धाच्या काळात फौजेच्या दवाखान्यात भाजलेल्या सोल्जरांची तोंडं दुरुस्त करण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. मांडीचं कातडं काढून गालावर लावायचं, आवळून गेलेली मान मोकळी करायची, हे काम आमच्याकडं तोवर कुणी पाहिलेलं नव्हतं. माणूस बुटका, गोल, दुपारी जेवल्यावर हमखास डुलक्या काढणारा. पण चाकू हातात घेतला की निराळाच.

"चिल्लाओ नक्को सिस्टर," ते मला म्हणाले, आणि त्या बाईचा डावा हात धरून खिडकीच्या उजेडात नेला.

त्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत नुसते ठिपके होते. नक्षी नाही, नाव नाही, ओळीनं ठिपके. साहेबांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, दर सालची काजळी निराळी उतरते. तेल बदलतं, पाला बदलतो. म्हणून नवी काजळी केली की पहिला ठिपका ती स्वतःच्या हातावर घेते आणि वर्षभर बघते. काही ठिपके हिरवट पडले होते, काही फिकट निळे झाले होते, आणि काही वीस वर्षांचे असूनही काळेभोर होते. लोकांच्या लेकीबाळींच्या अंगावर आपला रंग जन्मभर राहणार, तो आधी आपल्याला माहीत पाहिजे, असं तिचं म्हणणं. काजळी तिळाच्या तेलाची. पाला कोणता ते मात्र तिनं साहेबांनाही सांगितलं नाही, आणि साहेबांनीही पुन्हा विचारलं नाही.

साहेबांचं दुखणं वेगळंच होतं. ते लावत ते कातडं जगत असे, पण रंगानं बाजूच्या कातड्याशी जुळत नसे. भिवया जळाल्या की तिथं केस येत नसत. जीव वाचला, मान वळायला लागली, घास तोंडात जायला लागला, तरी माणूस फडक्याआड तोंड लपवूनच घरी जाई. त्याच्यापुढचं काम आपल्या हातात नाही, हे त्यांना कळत होतं. ते काम येणारी बाई माझ्या शिव्या खात व्हरांड्यात उभी होती.

केवळामायचं घर कुठं असं नव्हतं. तिची माणसं बिऱ्हाड गाढवावर घालून गावोगाव फिरत. पालम, गंगाखेड, मग खाली नांदेडकडं, आणि परत. बाजाराच्या दिवशी ती परभणीत असली की दवाखान्यात यायची. साहेब तिला रोग्याजवळ नेत आणि मला मधे उभं करत, कारण तिची बोली साहेबांना आणि साहेबांची तिला निम्मीच कळायची. मला हे मधे उभं राहणं पहिल्यांदा अपमानाचं वाटे.

सुयांवरून आमचं वाजलंच. मी म्हटलं, सुया उकळल्याशिवाय या दवाखान्यात कुणाला टोचायचं नाही. ती म्हणाली, उकळ. उकळल्या तर जुडीचा सुती दोरा फुगून सैल झाला आणि सुया पुढंमागं व्हायला लागल्या. एक खोल गेली तर कातडं फाटेल, म्हणून तिनं त्या पुन्हा बांधायला घेतल्या. हात लागला, म्हणून मी पुन्हा उकळायला घेतल्या. असं तीनदा झालं. शेवटी साहेबांनी टाके घालायचा रेशमी दोरा तिला दिला. तो उकळून ढिला होत नाही. तिनं त्या दोऱ्यानं चार सुया अशा बांधल्या की साहेबांनी ती गाठ दोनदा सोडवून बघितली. पुढं गावोगाव ती ती जुडी दाखवी आणि हा सायेबाचा दोरा हाय म्हणून सांगे. मी तीन उकळ्यांबद्दल तिची माफी मागितली नाही, तिनंही ती बाब पुन्हा काढली नाही.

टोचताना ती बाईशी बोलायची, आणि तिचं बोलणं म्हणजे नुसते प्रश्न. तुह्या माहेरच्या विहिरीला पायऱ्या किती? वरून मोज. दारात कोणतं झाड? त्याच्या उजव्या अंगाला काय? बाई डोळे मिटून पायऱ्या उतरत जाई, सहावी-सातवी पायरी येईस्तोवर निम्मं गोंदण झालेलं असे. विहीर नसलेल्या गावची बाई आली तर ती चुलीपासून दारापर्यंतची पावलं मोजायला लावी. साहेबांनी पुढं हे तंत्र स्वतः करून पाहिलं. एका आजोबांना ड्रेसिंग सोडताना त्यांनी माहेरच्या विहिरीच्या पायऱ्या विचारल्या, आणि वॉर्ड हसून लोळला.

आमच्या झरीचीच एक मुलगी होती, जन्मतः फाटक्या ओठाची. साहेबांनी ओठ शिवला, चांगला शिवला, पण वरच्या ओठाची कड एका जागी तुटल्यासारखी दिसायची. लग्नाची बोलणी चालली होती. मला वाटलं, केवळामाय त्या वणावर रंग भरेल. तिनं वण बोटानं चाचपला, मुलीला हसायला लावलं, बोलायला लावलं, रागवायला लावलं, आणि मग हनुवटीवर, थोडा डावीकडं, एकच बारीक ठिपका दिला. बस्स. त्यानंतर तुम्ही त्या मुलीकडं बघितलं की नजर आधी ठिपक्यावर जायची आणि तिथंच रेंगाळायची. वण तिथंच होता, पण बघायला कुणाला सवड होत नसे. साहेब दोन दिवस ज्याला त्याला ती मुलगी दाखवत सुटले. केवळामायला त्याचं काही वाटलं नाही. डाग झाकायला गेलं की डागच दिसतो, असं म्हणून तिनं पान खायला घेतलं.

गिरजा आली ती याच्या पुढच्या थंडीत. पेडगावची, शेळ्यामेंढ्या राखणाऱ्या घरातली, वय वीसही नसेल. रॉकेलची चिमणी अंगावर पडून कपाळ, डावी बाजू आणि गळा जळला होता. जगली हेच नवल. साहेबांनी तिच्यावर चारदा शस्त्रक्रिया केली. आधी मान सोडवली, मग डोळ्याची पापणी, मग गाल, आणि सगळ्यात शेवटी कपाळ. दीड वर्षातला निम्मा काळ ती आमच्याकडंच होती. उरलेला काळ माहेरी, आईजवळ.

तिला एक मुलगी होती, मथी. आई जळाली तेव्हा नुकती चालायला लागलेली. ती सासूजवळ पेडगावला होती. एकदा बाजाराच्या दिवशी सासूनं तिला दवाखान्यात आणलं, तर आईला बघून पोर अशी किंचाळली की तिला उचलून फाटकाबाहेर न्यावं लागलं. गिरजेनं मला नंतर सांगितलं की मथी रोज रात्री तिच्या कपाळावरच्या गोंदणावर बोट ठेवून झोपायची. आडवी रेघ आणि खाली तीन ठिपके. ते कपाळच आता नव्हतं. मांडीचं गुळगुळीत, कोरं कातडं तिथं होतं.

दुसऱ्या दिवशी साहेब राउंडला आले तेव्हा, एरवी तोंडातून शब्द न काढणारी गिरजा बोलली. "सायेब, तोंड चांगलं न्हाई झालं तरी चालंल. मथीच्या आईसारखं करा."

मी ते साहेबांना त्यांच्या भाषेत सांगितलं. ते राउंड तिथंच सोडून निघाले. बाहेर येऊन मला म्हणाले, केवळामाय कुठं असेल तिथून बोलवा.

ती आली. गिरजेच्या खाटेवर बसली आणि अर्धा तास नुसतं तोंड चाचपत राहिली. अंगठ्यानं कातडं दाबायचं, सोडायचं, रंग परत यायला किती वेळ लागतो ते बघायचं. भिवईच्या जागेला ती हो म्हणाली. कपाळाला नाही म्हणाली. साहेबांना घाई होती, कारण पोर दिवसेंदिवस आजीची होत चालली होती. केवळामाय ऐकेना. "हे कातडं अजून पाव्हणं हाय सायेब. पाव्हण्याला टोचू न्हाई. घरचं होऊ द्या. येक पावसाळा जाऊ द्या."

साहेबांनी कपाळ दाबून बघितलं, स्वतःचं दाबून बघितलं, आणि मान हलवली. ही बाई म्हणते तेच बरोबर आहे, आपल्याला घाई झालीय, असं ते मला म्हणाले. चाकू चालवणारा माणूस दुसऱ्याचं ऐकून थांबलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

मृगाच्या आधी तिनं भिवई गोंदली. एकेका केसाएवढी रेघ, सुरुवातीला उभी, पुढं आडवी होत गेलेली, उजव्या भिवईला बघून बघून. गिरजा पायऱ्या नाही, मेंढ्या मोजत होती, तोंडी नावं घेऊन. खपली पडली आणि सासूनं पुन्हा मथीला आणलं. पोर या वेळी किंचाळली नाही. आजीच्या लुगड्याआडून बघत राहिली. जवळ मात्र आली नाही. केवळामाय तेव्हा तिथंच होती. तिनं गिरजेला सांगितलं की दिवाळी झाल्यावर पहिल्या बाजारी ती येईल, कपाळ तेव्हा. आणि निघताना मला बाजूला घेऊन बजावलं, की एकीनं हात लावलेलं तोंड दुसरी गोंदणारी धरत नसते, तो त्यांचा कायदा आहे. म्हणून मधे कुणी गोंदणारी आली तर गिरजेला तिच्यापुढं बसवू नको. मी हो म्हटलं.

त्याच दिवाळीच्या सुमाराला हैदराबाद राज्य फुटलं. आम्ही मुंबई राज्यात गेलो. लोकांनी मिरवणुका काढल्या, आणि साहेबांनी सामान बांधलं. त्यांची माणसं तिकडं होती. जाताना त्यांनी गिरजेच्या पेपरवर उर्दूत दोन ओळी लिहिल्या आणि मला वाचून दाखवल्या. कपाळाचं काम केवळाबाई करेल, सिस्टर लक्ष ठेवील. मला स्टेशनवर रडू आलं, हे सांगायला आता लाज नाही.

नवे डॉक्टर पुण्याकडचे. तरुण, टापटिपीचे, मला आवडावेत असेच. आल्या दिवशी त्यांनी वॉर्डमधून फेरी मारली आणि खाटांना बांधलेले ताईत, गंडे, लिंबं सगळी काढायला लावली. हा दवाखाना आहे, इथं असलं काही चालणार नाही, म्हणाले. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मी स्वतः दोन लिंबं काढून टाकली. त्याच आठवड्यात बातमी आली की नव्या राज्यात आमची सर्टिफिकेटं पुन्हा तपासणार. माझं उर्दूत. रात्रंदिवस मला दुसरं काही सुचत नव्हतं. झरीला आई आणि दोन धाकटे भाऊ माझ्या पगारावर होते.

आणि दिवाळीनंतरच्या पहिल्या बाजारी, कबूल केल्याप्रमाणे, केवळामाय फाटकावर येऊन उभी राहिली.

मी तिला ड्रेसिंगच्या खिडकीतून पाहिलं. अंगावर धुतलेलं लुगडं होतं, हातात गाठोडं. डॉक्टर आत खोलीत होते. दार ओलांडून मला चार पावलं जायचं होतं आणि विचारायचं होतं. एवढंच. मी गेले नाही. हे ध्यान बघितल्यावर डॉक्टर काय म्हणतील, आणि हिला आत घेणारी नर्स म्हणून माझं काय होईल, हेच डोक्यात. मी आयाबाईला बाहेर पाठवलं. सांग तिला, म्हटलं, आता तिची गरज नाही.

ती लगेच गेली नाही. फाटकासमोरच्या कडुलिंबाखाली दुपारपर्यंत बसली होती. मी तीनदा खिडकीशी गेले आणि तीनदा मागं फिरले. चौथ्यांदा गेले तेव्हा ती नव्हती, आणि मला हायसं वाटलं. ते हायसं वाटणं मी विसरलेली नाही.

गिरजा दुसऱ्या दिवशी सकाळी आली. पेडगावहून निघताना मेंढी व्यायला आली म्हणून एक दिवस मोडला होता. बरोबर मथी होती, आजीच्या कडेवर, आता तीन वर्षांची. आज आईच्या कपाळावर टिकल्या येणार, असं तिला घरून सांगून आणलं होतं. मी गिरजेला सांगितलं की केवळामाय आलीच नाही. एका दिवसाच्या अंतरानं दोन बायकांना मी दोन गोष्टी सांगितल्या, आणि दोन्ही खोट्या. गिरजेनं वाद घातला नाही. एवढ्या खराब तोंडाला ती तरी कितीदा हात लावणार, असं म्हणून पदर पुढं ओढला.

महिन्याभरानं डॉक्टरांनी जुने पेपर चाळताना त्या उर्दू ओळी मला वाचायला लावल्या. वाचल्या. ते खुर्चीत पुढं सरकले. परदेशात असं करतात हे त्यांनी वाचलं होतं, म्हणाले, पण आपल्याकडं कुणी करत असेल असं वाटलं नव्हतं. कोण ही बाई? कुठं असते? बोलवा तिला. मी बाजारात माणूस पाठवला. तिचं बिऱ्हाड हललं होतं. नांदेडकडं गेल्याचं कुणी म्हणालं, कुणी पार बिदरकडं. मी आणखी दोनदा चौकशी केली आणि मग सोडून दिली. माझं सर्टिफिकेट कुणी तपासलं नाही. पुढं वर्षभरात मी हेडनर्स झाले.

गिरजेच्या सासूनं नंतर दोन गोंदणाऱ्या आणून बघितल्या. दोघींनी भिवई पाहिली, कुणाचा हात आहे विचारलं, आणि उठून गेल्या.

केवळामाय भेटली ती त्यानंतर तीन वर्षांनी, पालमच्या बाजारात. देवीची लस टोचायला आम्ही दोघी-तिघी नर्सा तिकडं गेलो होतो. काम उरकून परतीच्या एस्टीची वाट बघत होतो, तर धुळीत फडकं पसरून ती बसलेली. पुढ्यात फण्या, दाभण, बिब्बे, काळे मणी. सुयांची जुडी नव्हती. मी जवळ जाऊन बसले. तिनं मला ओळखलं आणि पदरानं फडक्याचा एक कोपरा झटकून मला जागा करून दिली, जशी काही मी पाहुणी.

साहेबांचं विचारलं. मी सांगितलं, खुशालीचं पत्र येतं. मग मण्यांच्या सरी सरळ करता करता, माझ्याकडं न बघता तिनं विचारलं, "त्या पोरीची भिवई हिरवी पडली ना?"

मला पहिल्यांदा कळलंच नाही ती काय म्हणतेय. मी म्हटलं, नाही, काळीच आहे, उजवीच्या जोडीला जोड.

"मंग मला माघारी कामून लावलं?"

तेव्हा तिनं जे सांगितलं ते असं. गरज नाही म्हटल्यावर तिला वाटलं, रंग बिघडला. पोरीचं तोंड आपल्या हातानं खराब झालं, आणि साहेब गेल्यावर आता तोंडावर सांगायला कुणाला जड जातंय, म्हणून आयाबाईला पाठवलंय. लिंबाखाली ती एवढ्यासाठीच बसली होती की गिरजा येता-जाता दिसली तर एकदा भिवई बघावी. त्या दिवसापासून तिनं कुणाच्या तोंडाला सुई लावली नाही. आधी तोंडं सोडली, मग हातही सोडले. वीस-वीस वर्षं आपल्या अंगावर रंग पारखलेली बाई, आणि माझ्या एका निरोपावर तिनं आपलाच हात खोटा ठरवला.

मी तिला सगळं सांगितलं. डॉक्टरांना मी विचारलंच नव्हतं, त्यांना कळल्यावर ते तिलाच शोधत होते, गिरजेला मी ती आलीच नाही म्हणून सांगितलं, सगळं. आजूबाजूला बाजार चालला होता आणि मी मोठ्या आवाजात बोलत होते, कारण आवाज लहान केला असता तर रडले असते. शेवटी म्हटलं, मी गिरजेला उद्याच्या उद्या घेऊन येते, कपाळ पुरं कर.

तिनं उजवा हात पुढं केला. बोटं थरथरत होती, फार नाही, पण केसाएवढ्या रेघेला ती पुरेशी होती. "हात ऱ्हायला न्हाई बाई. रोज टोचलं तरच हात ऱ्हातो." रागानं नाही म्हणाली. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. मग तिनं विचारलं, "तिला सांगितलंस का हे?"

नाही, म्हटलं.

"मंग मला काय सांगायलीस. आदी तिला सांग जा."

पेडगावला मी त्याच आठवड्यात गेले. गिरजेनं सगळं ऐकून घेतलं, चूल पेटवली आणि मला चहा पाजला. कपाळ कोरंच होतं. मथी सहा वर्षांची झाली होती, चुणचुणीत. तिनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला, आणि आत वळून आपल्या आईला हाक मारली, "गिरजे, साखर कुठं ठिवली?" घरातली सगळी माणसं तिला गिरजे म्हणत, म्हणून पोरही म्हणे. आई ती आजीला म्हणायची. गिरजेनं साखरेचा डबा दिला. तो चहा मी कसा संपवला, मला माहीत नाही.

केवळामाय त्यानंतर मला दिसली नाही. पुढं दोन वर्षं पालमला माणसं पाठवून मी विचारत होते.

तिला शेवटची पाहिली ती त्या बाजारच्या दिवशी, एस्टीच्या खिडकीतून. गाडी भरत होती. एक तरणी बाई, नवीनच लग्न झालेली असावी, केवळामायपुढं येऊन बसली. तिनं आपली हनुवटी वर केली आणि बोटानं जागा दाखवली. कुणीतरी जुन्या बाईनं तिला पत्ता दिला असणार. केवळामायनं तिची हनुवटी हातात धरली, उजेडाकडं वळवली, अंगठ्यानं एकदा दाबून बघितली. बराच वेळ बघत होती. मग सोडून दिली, आणि फडक्यावरची एक फणी उचलून तिच्या पुढ्यात ठेवली.